चार आकड्यांचे वाचन : मोटारीच्या एंजिनातील कॅमशाफ्टच्या कालमेळाची तपासणी

१०–५०–५१–२१ हे चार आकडे मिनी कूपर एस या ब्रिटिश मोटारीच्या मूळ कॅमशाफ्टचे वर्णन म्हणून दिले जातात. एंजिन जुळविणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने हे चार आकडे म्हणजे एक पूर्ण विधानच होय. एंजिनाच्या झडपा केव्हा उघडाव्यात आणि केव्हा मिटाव्यात, हे त्यात सांगितलेले असते. परंतु हे अंश कशाचे आहेत, ते कोणत्या बिंदूपासून मोजावयाचे, आणि झडप ‘उघडली’ असे नेमके केव्हा म्हणावयाचे, यांपैकी एकही गोष्ट त्या चार आकड्यांत उच्चारलेली नाही. ती संकेताने गृहीत धरलेली असते. संकेत चुकीचा लावला तर आकडे तेच राहतात आणि अर्थ बदलतो. मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या एंजिनात असा अर्थ बदलला, तर त्याचे पर्यवसान वाकलेल्या झडपांत व फुटलेल्या पिस्टनांत होऊ शकते. या आकड्यांचा अर्थ कसा लावावा, प्रत्यक्ष एंजिनात तो उतरला आहे की नाही हे कसे पडताळावे, आणि अंतर आढळल्यास ते कसे भरून काढावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. एंजिन व त्यातील झडपांची योजना

उदाहरणासाठी घेतलेले एंजिन ‘ए-सीरीज’ या नावाने ओळखले जाते. ते प्रथम १९५१ साली ऑस्टिन ए-३० या लहान मोटारीत आले, तेव्हा त्याचे आकारमान अवघे ८०३ घन सेंटिमीटर होते. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेल्या मिनी मोटारीत ते आडवे बसविण्यात आले. पुढे कूपर एस या वेगवान प्रकारासाठी त्याची शक्ती वाढविण्यात आली, आणि या प्रकारच्या मोटारींनी १९६४, १९६५ व १९६७ या वर्षी माँटे कार्लोची रॅली जिंकली. १९६४ पासून मिळू लागलेल्या १२७५ घन सेंटिमीटरच्या एंजिनाची मापे पुढील विवेचनात घेतली आहेत. २००० साली मिनीचे उत्पादन थांबले. तथापि जुन्या मोटारींच्या शर्यतींसाठी ही एंजिने आजही खोलली व जुळविली जातात. त्यामुळे येथे वर्णिलेले काम इतिहासजमा झालेले नाही.

या एंजिनात चार सिलिंडर असून प्रत्येकास दोन झडपा आहेत. एकीतून पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत येते, तीस अंतर्गामी झडप म्हणू. दुसरीतून जळलेला वायू बाहेर जातो, तीस बहिर्गामी झडप म्हणू. कॅमशाफ्ट हा एंजिनाच्या ठोकळ्यात बसविलेला दांडा असून त्यावर झडपांच्या संख्येइतके, म्हणजे आठ, कॅम कोरलेले असतात. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर उचलतो, टॅपेट पुश रॉडला उचलतो, पुश रॉड रॉकरचे एक टोक वर ढकलतो आणि रॉकरचे दुसरे टोक झडपेस खाली दाबून उघडते. कॅमशाफ्टला गती मिळते ती क्रँकशाफ्टकडून, साखळी व दोन दंतचक्रे यांच्या द्वारे. चार धावांच्या या एंजिनात शोषण, दाब, स्फोट व उत्सर्जन या क्रिया पूर्ण होण्यास क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात. तेवढ्या अवधीत प्रत्येक झडप एकदाच उघडावयाची असते. म्हणून क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एकच फेरा होतो. हे दोनास एक असे प्रमाण पुढील सर्व हिशेबांच्या मुळाशी आहे.

२. आकड्यांमागील तीन संकेत

पहिला संकेत असा, की हे सर्व अंश क्रँकशाफ्टचे असतात. झडपा हलविण्याचे काम कॅमशाफ्ट करीत असला तरी मोजमाप क्रँकशाफ्टवर केले जाते. कारण पिस्टनशी थेट जोडलेला दांडा तोच होय. कॅमशाफ्ट आपल्या जागी एक अंश फिरविला, तर क्रँकशाफ्टच्या मापाने तो फरक दोन अंशांचा होतो. हा संकेत ध्यानात न घेतल्यास दुरुस्ती हवी त्याच्या दुप्पट अथवा निमपट होते.

दुसरा संकेत मोजणीच्या आरंभाविषयी आहे. पिस्टन सिलिंडरमध्ये जास्तीत जास्त वर येतो त्या स्थितीस येथे शिरोबिंदू म्हटले आहे. कारखान्यांत ‘टीडीसी’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. सर्वांत खालची स्थिती म्हणजे तळबिंदू. प्रस्तुत चार आकड्यांपैकी पहिला शिरोबिंदूच्या आधी, दुसरा तळबिंदूनंतर, तिसरा तळबिंदूच्या आधी आणि चौथा शिरोबिंदूनंतर असा क्रमाने मोजावयाचा असतो. त्याप्रमाणे वाचल्यास अंतर्गामी झडप शिरोबिंदूच्या १० अंश आधी उघडते व तळबिंदूनंतर ५० अंशांनी मिटते. बहिर्गामी झडप तळबिंदूच्या ५१ अंश आधी उघडते व शिरोबिंदूनंतर २१ अंशांनी मिटते. झडप पिस्टनच्या धावेपूर्वी उघडते व धाव संपल्यावर मिटते, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु झडप क्षणात पूर्ण उघडत नाही, तिला अवधी लागतो. आणि वेगाने वाहणाऱ्या वायूस स्वतःचे जडत्व असते. पिस्टन तळास जाऊन परत फिरला तरी आत येणारा प्रवाह काही काळ येतच राहतो. त्याचा लाभ घेण्यासाठी झडप उशिरा मिटविली जाते.

या आकड्यांवरून आणखी काही गोष्टी काढता येतात. अंतर्गामी झडप १० अधिक १८० अधिक ५० म्हणजे २४० अंश उघडी असते, तर बहिर्गामी झडप ५१ अधिक १८० अधिक २१ म्हणजे २५२ अंश. २४० अंशांचा मध्य उघडण्यापासून १२० अंशांवर येतो. त्यातून शिरोबिंदूपूर्वीचे १० वजा केले की अंतर्गामी कॅमची मध्यरेषा शिरोबिंदूनंतर ११० अंशांवर पडते. बहिर्गामी कॅमची मध्यरेषा याच रीतीने १२६ वजा २१, म्हणजे शिरोबिंदूच्या १०५ अंश आधी पडते. उत्सर्जन संपून शोषण सुरू होताना १० अधिक २१ असे ३१ अंश दोन्ही झडपा एकाच वेळी किंचित उघड्या असतात. शर्यतीच्या कॅमशाफ्टांत हा सामाईक अवधी ९० अंशांच्याही पुढे जातो. हा अवधी शिरोबिंदूच्या दोन्ही अंगांस पसरलेला असतो, आणि पिस्टन त्याच वेळी माथ्याशी आलेला असतो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

तिसरा संकेत सर्वांत फसवा आहे. झडप ‘उघडली’ असे केव्हा म्हणावयाचे? कॅमची चढण एकाएकी सुरू होत नाही. आघात व आवाज टाळण्यासाठी आरंभी अत्यंत सौम्य उतार ठेवलेला असतो. शिवाय रॉकर व झडप यांच्यामध्ये थोडी फट राखावी लागते. या एंजिनात ती सामान्यतः ०·०१२ इंच, म्हणजे सुमारे ०·३० मिलिमीटर असते. फट वाढविली तर झडप उशिरा उघडते व लवकर मिटते. कमी केली तर याच्या उलट घडते. म्हणजे कॅमशाफ्टला हात न लावताही चारही आकडे बदलू शकतात. अमेरिकेत एक निराळा संकेत रूढ आहे. तेथे टॅपेट ०·०५० इंच, म्हणजे १·२७ मिलिमीटर वर आला की मोजणीस आरंभ करतात. एकाच कॅमची मोजणी या दोन संकेतांनी केली तर उघडे राहण्याच्या अवधीत चाळीस-पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. दोन कॅमशाफ्टांची तुलना करताना दोघांचे आकडे एकाच संकेताने घेतले आहेत काय, हे न पाहिल्यास निष्कर्ष निरर्थक ठरतो.

या अनिश्चिततेतून वाट काढण्यासाठी जाणते कारागीर उघडण्या-मिटण्याचे बिंदू बाजूस ठेवून मध्यरेषेचा आधार घेतात. फट वाढली तर झडप जितकी उशिरा उघडते, जवळजवळ तितकीच लवकर मिटते. दोन टोके आत सरकतात, मध्य मात्र आपल्या जागी राहतो. तेव्हा प्रस्तुत उदाहरणात पडताळावयाचे विधान असे सुटसुटीत करता येते : अंतर्गामी कॅमची मध्यरेषा शिरोबिंदूनंतर ११० अंशांवर आहे.

३. खुणांवर का विसंबू नये

दंतचक्रांवर कारखान्यानेच बिंदूंच्या खुणा केलेल्या असतात. त्या समोरासमोर आणून साखळी चढविली की काम झाले, असे समजले जाते. नित्याच्या वापरातील मोटारीस ते पुरतेही. तथापि खुणेपासून कॅमच्या शिखरापर्यंत जाणारी वाट बरीच लांब आहे. क्रँकशाफ्टमधील चावीची खाच, दंतचक्रातील खाच, दात्यांची घडण, साखळीची लांबी, कॅमशाफ्टवरील खाच, आणि त्या खाचेच्या संदर्भात कॅम घासताना धरलेला कोन, या प्रत्येक ठिकाणी अल्पसा फरक राहू शकतो. हे फरक कधी परस्परांस छेद देतात, तर कधी एकाच दिशेने साचतात. वापराने साखळी सैल झाली की तिची ओढणारी बाजू लांबते आणि कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या मागे पडतो. ज्या एंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या झाकणात, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये असतो, तेथे हेड घासून पातळ केले तर दोन दांड्यांमधील अंतर घटते आणि कालमेळ बिघडतो. ए-सीरीजमध्ये कॅमशाफ्ट ठोकळ्यातच असल्यामुळे ही शेवटची अडचण येत नाही. बाकीच्या सर्व येतात.

४. शिरोबिंदूचा शोध

मोजणीसाठी क्रँकशाफ्टच्या पुढील टोकावर ३६० अंशांची खुणा केलेली चकती घट्ट बसवितात व ठोकळ्यावर जाड तारेचा काटा लावतात. पिस्टन शिरोबिंदूस असताना काटा शून्यावर यावा, एवढेच करावयाचे असते. परंतु पिस्टन शिरोबिंदूस आला हे ओळखावे कसे? पिस्टनच्या माथ्यावर डायल गेज टेकवून सर्वांत मोठे वाचन आले की थांबावे, हे उत्तर सहज सुचते. ते सदोष का आहे, हे थोड्या गणिताने दिसून येते.

या एंजिनात पिस्टनची धाव सुमारे ८१·३ मिलिमीटर व कनेक्टिंग रॉडची लांबी सुमारे १४६ मिलिमीटर आहे. या मापांवरून हिशेब केल्यास, शिरोबिंदूपासून क्रँकशाफ्ट एक अंश फिरला असता पिस्टन केवळ ०·००८ मिलिमीटर खाली येतो. हे अंतर केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाइतके आहे. दोन अंशांस ते ०·०३ मिलिमीटर होते. शतांश मिलिमीटर दाखविणाऱ्या गेजचा काटा या टापूत जवळजवळ स्तब्ध असतो, आणि बेअरिंगमधील सूक्ष्म फटीच याहून मोठ्या असतात. पिस्टन माथ्याशी रेंगाळतो. तो नेमका केव्हा परतला हे डोळ्यांस कळत नाही. याउलट शिरोबिंदूपासून ३० अंशांवर पिस्टन सुमारे ६·९ मिलिमीटर खाली असतो, आणि तेथे एका अंशास तो ०·४४ मिलिमीटर सरकतो. म्हणजे जेथे बिंदू शोधावयाचा तेथे मापन सर्वांत दुबळे असते, आणि त्यापासून दूर, उतारावर, ते पन्नास पटींहून अधिक सूक्ष्म असते.

रीत यातूनच निघते. शिखर शिखरावर शोधू नये. दोन्ही उतारांवर समान उंचीचे दोन बिंदू घ्यावेत व त्यांचा मध्य काढावा. हेड उतरविलेल्या एंजिनात पहिल्या सिलिंडरच्या तोंडावर आडवी पोलादी पट्टी स्टडांना आवळून बसवितात व तिच्या मध्यात एक बोल्ट खाली सोडतात, जेणेकरून पिस्टन वर येताना शिरोबिंदूच्या आधीच अडावा. क्रँकशाफ्ट हलक्या हाताने एका दिशेने अडेपर्यंत फिरवावा व काट्याचे वाचन लिहून घ्यावे. मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवून दुसरे वाचन घ्यावे. समजा, अंदाजाने ठरविलेल्या शून्याच्या एका बाजूस ३१ अंश व दुसऱ्या बाजूस २७ अंश आले. बेरीज ५८; तेव्हा दोन्हीकडे २९ यावयास हवे होते. शून्य दोन अंशांनी चुकले आहे. काटा तेवढा वाकवून दोन्ही बाजूंस २९ येईपर्यंत प्रयोग पुनः करावा. बोल्ट नेमका किती खाली आहे हे ठाऊक असण्याची मुळीच गरज नाही. दोन्ही वेळी तो तेथेच होता, एवढे पुरे. काम संपताच पट्टी आठवणीने काढून घ्यावी.

५. कॅमच्या मध्यरेषेचे मापन

हीच रीत कॅमलाही लागू पडते, कारण कॅमचे शिखरही पिस्टनच्या माथ्याप्रमाणेच सपाटसर असते. पुढील टोकापासून मोजता या एंजिनातील पहिला पुश रॉड पहिल्या सिलिंडरच्या बहिर्गामी झडपेचा व दुसरा अंतर्गामी झडपेचा आहे. दुसऱ्या पुश रॉडच्या माथ्यावर डायल गेज त्याच रेषेत टेकवावा. कॅमशाफ्ट फिरवीत गेजचे सर्वांत मोठे वाचन कोणते ते प्रथम पाहून तेथे शून्य लावावे. नंतर क्रँकशाफ्ट एंजिनाच्या चालीच्या दिशेने फिरवीत, शिखर येण्यास अर्धा मिलिमीटर उरला असता चकतीवरील अंश टिपावा; तसेच पुढे जाऊन, शिखर ओलांडल्यावर पुश रॉड अर्धा मिलिमीटर उतरताच पुनः अंश टिपावा. समजा, ही वाचने शिरोबिंदूनंतर ९० व १३४ अंश आली. त्यांचा मध्य ११२ होय. विधान ११० चे होते. म्हणजे कॅमशाफ्ट दोन अंश उशिरा चालत आहे.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. शिरोबिंदू शोधताना क्रँकशाफ्ट दोन्ही दिशांनी फिरविला, त्यात काही बिघडले नाही. कारण चकती क्रँकशाफ्टवरच होती आणि साखळीचा त्या मापनाशी संबंध नव्हता. कॅमच्या मापनात मात्र साखळी मध्ये आहे. उलट फिरविल्यास साखळीची सैल बाजू ताणली जाते, ताणलेली सैल पडते आणि वाचन बदलते. म्हणून हवा तो बिंदू ओलांडला गेला तर थोडे मागे येऊन भागत नाही. पुष्कळ मागे जाऊन चालीच्या दिशेनेच पुनः त्या बिंदूस यावे. दुसरी सावधगिरी कॅमच्या आकाराविषयी आहे. काही कॅमांची चढण व उतरण सारखी नसते. तेथे शिखरापासून फार खाली मोजल्यास मध्य सरकतो; अशा वेळी कॅम करणाऱ्याने मध्यरेषा कोणत्या उंचीवर धरली आहे हे पाहून त्याच उंचीवर मोजावे.

आता शिरोबिंदूच्या शोधात आढळलेल्या दोन अंशांच्या चुकीकडे पुनः पाहावे. ती सुधारली नसती, आणि तिची दिशा प्रतिकूल असती, तर हाच कॅमशाफ्ट बरोबर ११० वर दिसला असता. दोन चुकांनी एकमेकींस झाकले असते आणि तपासणीने निर्दोष असल्याचा दाखला दिला असता. खोट्या शून्यापासून काळजीपूर्वक केलेले मापन हे मापन न करण्यापेक्षा अधिक घातक, कारण त्याने शंकाही मिटते.

६. दुरुस्ती आणि तिची भाषा

दुरुस्ती करण्यापूर्वी शब्दांचा उलगडा करून घेणे इष्ट आहे. ‘टायमिंग’ हा शब्द आपल्याकडे ठिणगीच्या वेळेसाठीही वापरतात आणि झडपांच्या वेळेसाठीही. या दोन गोष्टी स्वतंत्र असून एकीच्या दुरुस्तीने दुसरीतील दोष जात नाही. त्याहून अवघड शब्द म्हणजे ‘पुढे’. घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते वेळेच्या अगोदर चालते असा अर्थ असतो. सभा पुढे ढकलली म्हणतो, तेव्हा ती उशिरा होणार असते. तेव्हा ‘कॅमशाफ्ट दोन अंश पुढे घ्या’ या सूचनेचे दोन परस्परविरुद्ध अर्थ होऊ शकतात, आणि दोन्ही अस्सल मराठी आहेत. या कामात ‘अगोदर’ व ‘उशिरा’ हेच शब्द निर्धोक होत.

आकड्यांची दिशाही अशीच फसवते. कॅमशाफ्ट चार अंश अगोदर आणला तर अंतर्गामी मध्यरेषा ११० वरून १०६ वर येते, म्हणजे आकडा घटतो. बहिर्गामी मध्यरेषा मात्र शिरोबिंदूच्या आधी मोजली जात असल्यामुळे १०५ वरून १०९ वर जाते, म्हणजे आकडा वाढतो. मूळचे १०–५०–५१–२१ हे १४–४६–५५–१७ असे होतात. २४० व २५२ अंशांचे अवधी आणि ३१ अंशांचा सामाईक अवधी तेच राहतात. ते कॅमच्या आकारात कोरलेले असल्याने दंतचक्र सरकवून बदलत नाहीत. केवळ सगळी घटनामालिका अगोदर अथवा उशिरा सरकते.

दोन अंशांची दुरुस्ती साखळी एक दात सरकवून होत नाही. क्रँकशाफ्टच्या दंतचक्रास २० दाते असतील, तर एक दात म्हणजे १८ अंश. याकरिता दोन उपाय प्रचलित आहेत. ए-सीरीजमध्ये दंतचक्र कॅमशाफ्टवर अर्धचंद्राकृती वुड्रफ चावीने बसते; सरळ चावीऐवजी वरचा भाग किंचित बाजूस सरकलेली चावी घातली की दंतचक्र व दांडा यांतील कोन बदलतो. अशी चावी घेताना तिच्यावरील अंश क्रँकशाफ्टचे की कॅमशाफ्टचे, हे विचारून घ्यावे, आणि ती कोणत्या बाजूने घालावी हे विचाराने ठरवावे. उलट घातल्यास दोन अंशांची उणीव चार अंशांची होते. दुसरा उपाय म्हणजे दोन भागांचे दंतचक्र. मधला भाग दांड्यास पक्का असतो आणि दात्यांचे कडे लांबट भोकांतील बोल्ट सैल करून त्याभोवती सरकविता येते. कारखान्यांत याला ‘व्हर्नियर’ म्हणतात. वस्तुतः प्येर व्हर्निये याने १६३१ साली वर्णिलेले तत्त्व असमान भागांच्या दोन मापपट्ट्यांच्या तुलनेचे आहे, आणि लांबट भोकांच्या या चक्रात ते नाही. सूक्ष्म फेरबदलाची सोय एवढ्याच साम्यावरून नाव चिकटले आहे. उपाय कोणताही योजला तरी बोल्ट आवळल्यावर संपूर्ण मापन पुनः करणे अनिवार्य आहे. आवळताना चक्र सरकू शकते.

कॅमशाफ्ट अगोदर आणल्याने अंतर्गामी झडप तळबिंदूनंतर लवकर मिटते. कमी वेगात आत आलेले मिश्रण परत ढकलले जाण्याचे प्रमाण घटते व एंजिन खालच्या वेगात जोमाने ओढते. उशिरा नेल्यास लाभ वरच्या वेगाकडे झुकतो. म्हणून शर्यतीचा मार्ग कसा आहे त्यानुसार जाणते लोक विहित आकड्यापासून हेतुतः दोन-चार अंश ढळतात. तसे ढळण्याचा अधिकार आपण मुळात कोठे उभे आहोत हे ज्याने मोजले आहे त्यालाच असतो.

७. पिस्टन व झडप यांमधील अंतर

कालमेळ बदलला की शेवटची व सर्वांत गंभीर तपासणी येते. सामाईक अवधीत दोन्ही झडपा थोड्या खाली उतरलेल्या असतात आणि पिस्टन माथ्याशी असतो. शिरोबिंदूनंतर १० अंशांवरही या एंजिनातील पिस्टन फक्त ०·७९ मिलिमीटर खाली गेलेला असतो. अंतर्गामी झडप मात्र त्याच्या पाठोपाठ वेग घेत उतरत असते. शिरोबिंदूचा शोध ज्याने कठीण केला, तेच पिस्टनचे रेंगाळणे येथे धोक्याचे कारण होते. कॅमशाफ्ट अगोदर आणला तर अंतर्गामी झडप पिस्टनच्या अधिक जवळ येते. उशिरा नेला तर उत्सर्जनाच्या अखेरीस वर येणारा पिस्टन मिटत असलेल्या बहिर्गामी झडपेस गाठू पाहतो. मूळच्या सौम्य कॅमशाफ्टात हे अंतर भरपूर असते. शर्यतीचा कॅमशाफ्ट, घासून पातळ केलेले हेड आणि उंच माथ्याचे पिस्टन एकत्र आले की ते शिल्लक राहीलच असे नाही.

पडताळणीची जुनी रीत सोपी आहे. पिस्टनच्या माथ्यावर झडपांखाली मुलांच्या खेळण्यातील मऊ चिकणमाती थापावी, तीस किंचित तेल लावावे, हेड गॅस्केटसह आवळून बसवावे, फटी योग्य लावाव्या, आणि क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. कोठेही अडल्यासारखे वाटले तर जोर न करता थांबावे. नंतर हेड उतरवून झडपांनी मातीत उमटविलेले ठसे सुरीने कापावेत व सर्वांत पातळ जागी जाडी मोजावी. अंतर्गामी झडपेखाली सुमारे २ मिलिमीटर व बहिर्गामी झडपेखाली सुमारे २·५ मिलिमीटर राहावे, असा एंजिन बांधणाऱ्यांचा व्यापक प्रघात आहे. बहिर्गामी झडपेस अधिक जागा देतात, कारण ती अधिक तापून लांबते, आणि अतिवेगात स्प्रिंग मागे पडली तर वर येणारा पिस्टन तिच्यावरच आदळतो. हाताने फिरविताना मिळालेले अंतर व सहा हजार फेऱ्यांत उरणारे अंतर एक नसते. या दोहोंतील फरकासाठीच ही जागा राखून ठेवावयाची असते. तिच्यात हात घालून शक्ती मिळविण्याचा मोह अखेर महाग पडतो.

८. समारोप

अगदी आरंभीच्या पुष्कळ मोटारींत अंतर्गामी झडप पिस्टनच्या शोषणानेच आपोआप उघडत असे. तेव्हा तिच्या वेळेचा प्रश्नच नव्हता. कॅमने ती चालविण्यास आरंभ झाला तेव्हा प्रश्न उत्पन्न झाला, आणि उत्तर कॅमच्या धातूत कायमचे कोरले गेले. १९८० साली आल्फा रोमिओने विक्रीच्या मोटारीत चालता-चालता कालमेळ बदलणारी योजना आणली, १९८९ साली होंडाने दोन निरनिराळ्या आकारांच्या कॅमांमध्ये आलटापालट करणारी योजना आणली, आणि आजच्या बहुसंख्य एंजिनांत संवेदकांच्या वाचनावरून हे काम क्षणोक्षणी होत असते. तथापि या सर्व योजनांनाही एक शून्य लागतेच, आणि ते शून्य जोडणीच्या वेळी कोणीतरी यथार्थ लावलेले असावे लागते.

चार आकड्यांच्या वाचनासाठी म्हणून तीन प्रश्नांची सवय पुरेशी आहे : हे अंश कशाचे, ते कोठून मोजले, आणि घटना घडली असे केव्हा मानले. या प्रश्नांची उत्तरे एंजिनावरच, उतारांवरील समान बिंदूंच्या मध्यातून, मिळवावी लागतात. ती मिळाल्यावर दोन अंशांची चावी बदलणे हे घटकाभराचे काम आहे. न मिळविता बदललेली चावी कोणत्या दिशेने गेली, हे मात्र एंजिन सुरू झाल्यावरच कळते.